कोरडी हवा आणि अंगास चिकटणारीं वस्त्रें

मार्गशीर्ष लागला आणि वऱ्हाडांत बोचरें वारें सुटूं लागलें, कीं घरोघरच्या गृहिणींची एक तक्रार ऐकूं येऊं लागते. धुवून, वाळवून, घडी घालून ठेविलेली कृत्रिम धाग्याची साडी नेसावयास घ्यावी, तों तिच्या निऱ्या पायांस चिकटून बसतात; पदर खांद्यावर नीट राहण्याऐवजीं दंडास लपेटतो; मुलाचा शाळेचा सदरा डोक्यावरून काढतांना चटचट असा आवाज होतो व त्याचे केंस उभे राहतात; आणि लोखंडी कपाटाच्या कडीस हात लावतांच बोटास झटका बसतो. खोलींत अंधार असेल तर त्या वेळीं बारीकशी निळसर ठिणगीही दिसते.

ही गोष्ट क्षुल्लक आहे, असें कोणी म्हणेल. परंतु जी शिक्षिका किंवा जी कारकून भगिनी दिवसभर चार लोकांसमोर उभी राहून काम करते, तिला अंगास लपेटणाऱ्या साडीचा संकोच किती होतो, हें तिलाच ठाऊक. शिवाय, ठिणगी पाहून कोणी मुलीच्या अंगांत कांहीं बाधा आहे कीं काय, अशी शंका घेतो, तर कोणी घरांतील विजेच्या तारा बिघडल्या असें समजून कारागिरास बोलावून पैसे घालवितो. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, अंगास चिकटलेलें कृत्रिम वस्त्र व चुलीवरील अग्नि यांचा संबंध आला असतां, प्रश्न संकोचाचा न राहतां जिवाचा होऊं शकतो. म्हणून या विषयाचा शांतपणें विचार करणें अवश्य आहे. सुदैवानें त्याचें कारण समजण्यास सोपें आहे, आणि उपाय तर त्याहूनही सोपे व बहुतेक बिनखर्चाचे आहेत.

ही वीज येते कोठून ?

ज्या वाचकांनीं शाळेंत पदार्थविज्ञानाचे पहिले धडे घेतले असतील, त्यांस एक प्रयोग आठवत असेल. कांचेची कांडी रेशमी रुमालावर घासावी आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्यावी. कपटे उडून कांडीस चिकटतात. तोच प्रयोग आज प्रत्येक घरीं प्लॅस्टिकच्या कंगव्यानें करतां येतो. कोरड्या केंसांतून तो चार-पांच वेळां फिरवून कागदाच्या बारीक तुकड्यांवर धरला, कीं तुकडे नाचूं लागतात. साडी पायास चिकटते ती याच नियमानें.

हें ज्ञान फार जुनें आहे. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांतील थेलीस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नांवावर असें सांगितलें जातें कीं, राळेपासून झालेला अंबर हा पदार्थ घासला असतां हलके पदार्थ ओढतो, हें त्याच्या ध्यानांत आलें होतें. अंबरास ग्रीक भाषेंत जें नांव आहे, त्यावरूनच विजेला यूरोपीय भाषांतील नांव मिळालें. आपल्याकडे संस्कृत कोशांत अंबरासाठीं ‘तृणमणि’ हा शब्द आहे; गवताच्या काडीस ओढणारा मणि, असा त्याचा सरळ अर्थ. कणादाच्या वैशेषिक सूत्रांत लोहचुंबकाकडे सुई सरकते तिचा उल्लेख असून, त्याचें कारण ‘अदृष्ट’ आहे असें म्हटलें आहे. जें डोळ्यांस दिसत नाहीं पण कार्यावरून ज्याचें अनुमान करावें लागतें, असें तें कारण. अंबर व चुंबक यांचे व्यापार भिन्न आहेत, हें पुढें इ. स. १६०० मध्यें इंग्लंडांतील गिल्बर्ट यानें आपल्या ग्रंथांत स्पष्ट केलें.

आजचें शास्त्र असें सांगतें : प्रत्येक पदार्थाच्या परमाणूंत ऋणभाराचे अतिसूक्ष्म कण असतात. दोन भिन्न पदार्थ एकमेकांस लागून पुन्हां विलग झाले, कीं एकाचे कांहीं कण दुसऱ्याकडे राहून जातात. ज्याचे गेले तो धनभारित होतो, ज्याला मिळाले तो ऋणभारित होतो. घासल्यानें हें स्पर्श-वियोग अनेक वेळां होतात, म्हणून भार वाढतो. विरुद्ध भार एकमेकांस ओढतात. म्हणून साडी पायास चिकटते. समान भार एकमेकांस दूर लोटतात. म्हणून डोक्याचे केंस एकमेकांपासून पळूं पाहतात व उभे राहतात. या विजेला ‘स्थिर विद्युत्’ म्हणतात, कारण ती तारेंतून वाहणाऱ्या विजेप्रमाणें वाहत नाहीं; जेथें उत्पन्न झाली तेथेंच बसून राहते.

झटक्याची भीति बाळगण्याचें मात्र कारण नाहीं. आपल्या बोटास जो झटका जाणवतो, त्या वेळीं अंगावरील विजेचा दाब सुमारें ३००० व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक असतो. आंकडा मोठा आहे खरा. पण विजेचा सांठा अगदीं अल्प असल्यामुळें तो क्षणार्धांत संपतो, आणि निरोगी माणसास त्यापासून अपाय होत नाहीं. घरांतील विजेच्या तारांशीं किंवा कसल्याही बाधेशीं त्याचा कांहीं एक संबंध नाहीं.

दोष धाग्याचा कीं हवेचा ?

आतां प्रश्न असा कीं, सुती लुगडें नेसणाऱ्या आपल्या आजीला हा त्रास कां नव्हता ? आणि हीच साडी मुंबईस किंवा रत्नागिरीस नेसली असतां निमूटपणें कां वागते ?

याचें उत्तर एका शब्दांत द्यावयाचें तर ‘पाणी’. वस्त्रावर उत्पन्न झालेल्या भारास निघून जाण्यास वाट हवी असते, आणि ती वाट धाग्यांत मुरलेला ओलावा करून देतो. वस्त्र हातास कोरडें लागलें तरी तें पूर्णपणें कोरडें नसतें. हवेची आर्द्रता शेंकडा ६५ असतां, अगदीं शुष्क केलेल्या शंभर ग्रॅम कापसाच्या सुतांत सुमारें ८.५ ग्रॅम पाणी हवेंतून येऊन राहतें. रेशमांत तें सुमारें ११ ग्रॅम, आणि लोकरींत त्याहूनही अधिक असतें. नायलॉनमध्यें ४ ग्रॅमच्या आसपास. आणि पॉलिएस्टरमध्यें किती, तर ०.४ ग्रॅम ! म्हणजे कापसाच्या विसाव्या हिश्शाइतकेंही नाहीं. पॉलिएस्टरचें वस्त्र लवकर वाळतें, चुरगळत नाहीं, पाणी पीत नाहीं, म्हणून आपण त्याची स्तुति करतों. त्याचा जो गुण, तोच येथें दोष होऊन बसतो. जें पाणी पीत नाहीं, तें विजेला वाट देत नाहीं.

ही वस्त्रें आपल्याकडे येऊन फार काळ लोटलेला नाहीं. नायलॉनचा शोध अमेरिकेंत १९३५ मध्यें लागला. ज्या पॉलिएस्टरला आपण पूर्वीं टेरिलीन म्हणत असूं, तें इंग्लंडांत व्हिनफील्ड व डिक्सन या दोघांनीं १९४१ मध्यें तयार केलें. एके काळीं टेरिलीनचा सदरा अंगांत असणें ही वऱ्हाडांत प्रतिष्ठेची खूण होती, आणि नवरदेवाच्या अहेरांत त्याचा आग्रह धरला जाई. १९८२ मध्यें रायगड जिल्ह्यांतील पाताळगंगा येथें पॉलिएस्टरच्या धाग्याचा मोठा कारखाना सुरू झाला. पुढें नागपूरजवळ बुटीबोरी येथेंही हा धागा निघूं लागला. अकोल्यासारख्या कापसाच्या बाजारपेठेच्या भोंवतालचीं माणसें आज कापूस पिकवितात आणि अंगावर पॉलिएस्टर घालतात. काळाची गति आहे. तिच्यावर रागावून उपयोग नाहीं. तीं वस्त्रें स्वस्त आहेत, टिकाऊ आहेत, आणि रोज धुण्यास सोयीचीं आहेत.

पण सर्व दोष धाग्यावर लादणें हेंही न्यायाचें नाहीं. हवेचाही वांटा मोठा आहे. आमचें पातूर हें गांव अकोल्याहून वाशिमकडे जातांना घाट लागण्यापूर्वीं डोंगराच्या पायथ्याशीं वसलेलें आहे. येथून समुद्र फार दूर. पावसाळ्याचे चार महिने सोडले, तर हवेंत ओलावा असा फारसा राहत नाहीं. एप्रिल-मे महिन्यांच्या दुपारीं तर आर्द्रता शेंकडा वीस-पंचविसाच्याही खालीं उतरते. हवेंत ओलावा शेंकडा चाळीसपेक्षां कमी झाला, कीं कृत्रिम वस्त्रें त्रास देऊं लागतात; साठाच्या वर गेला, कीं त्रास जवळजवळ नाहींसा होतो. कोंकणांत ती साडी शहाण्यासारखी वागते, त्याचें कारण हें.

येथें कोणी चौकस वाचक विचारील कीं, सर्वांत कोरडी हवा उन्हाळ्यांत, तर तक्रार हिंवाळ्यांत अधिक कां ? त्याचें कारण आपल्या घरांतच आहे. उन्हाळ्यांत वऱ्हाडांतील माणूस वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडतो, किंवा हल्लीं कूलर लावतो. दोहोंचेंही तत्त्व एकच : ओल्या वाळ्यांतून किंवा गवतांतून वारा घरांत घ्यावयाचा. त्यानें हवा गार होते, तशीच ती ओलीही होते. शिवाय अंगास घाम असतो. हिंवाळ्यांत कूलर बंद, घाम नाहीं, त्वचा कोरडी, आणि वर लोकरीचे व कृत्रिम धाग्याचे स्वेटर. अशा रीतीनें सर्व कारणें एके ठिकाणीं जमतात.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हा अनुभव कृत्रिम धाग्याबरोबरच आला असें नाहीं. कडक सोवळें पाळणाऱ्या घरांत पहाटे धाबळी किंवा रेशमी मुकटा वलणीवरून काठीनें काढून नेसण्याची चाल होती. पौषांतल्या कोरड्या थंडींत, देवघराच्या अंधारांत, ती धाबळी झटकतांना तिच्यांतून ठिणग्या निघत आणि चटचट आवाज होई. कोणी तें देवाचें तेज मानी, कोणी नुसता नमस्कार करी. लोकर व रेशीम यांत एरव्हीं पाणी पुष्कळ असतें. परंतु हवाच अतिशय कोरडी झाली, म्हणजे त्यांतीलही ओलावा निघून जातो, व मग तीं वस्त्रेंही तसेंच वागूं लागतात. यावरून ध्यानांत घ्यावें कीं, मूळ प्रश्न जुन्या-नव्या वस्त्राचा नसून ओलाव्याचा आहे.

नागपूरच्या गिरणीचा धडा

ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर शिकण्याचा मान विदर्भालाच मिळालेला आहे. जमशेटजी टाटा यांनीं नागपुरास काढलेली ‘एम्प्रेस मिल’ १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली. कापूस जवळ, कोळसा आवाक्यांत, रेल्वे दाराशीं. म्हणून मुंबई सोडून त्यांनीं नागपूर पसंत केलें. परंतु नागपूरची हवा मुंबईसारखी ओलसर नव्हे. कोरड्या हवेंत सूत ठिसूळ होऊन वारंवार तुटतें. घर्षणानें भारित झालेले तंतु एकमेकांपासून फांकतात, रुळांस चिकटतात, आणि एकसारखें सूत निघेनासें होतें. मग केवळ उत्तम यंत्रें व उत्तम कापूस असून उपयोग काय ? तेव्हां त्या गिरणींत हवा ओलसर राखण्याचीं यंत्रें बसविण्यांत आलीं; आणि त्याबरोबरच आग लागल्यास आपोआप पाणी सोडणारे फवारेही. या दोन्ही गोष्टी हिंदुस्थानांत प्रथम याच गिरणींत आल्या, असें टाटांच्या उद्योगाच्या इतिहासांत नमूद आहे. ती गिरणी आज चालू नाहीं. पण तिचा धडा आपल्या घरास जशाचा तसा लागू पडतो. हवेस ओलावा द्यावा, आणि वस्त्र व अग्नि यांच्यामध्यें सावधगिरी ठेवावी. पुढें जें सांगावयाचें आहे, तें या दोन वाक्यांचाच विस्तार आहे.

कोणतें वस्त्र कशावर ?

पहिला उपाय कपाटांतच आहे, आणि त्यास एक पैसाही लागत नाहीं. पदार्थांची अशी एक परंपरा शास्त्रज्ञांनीं लावलेली आहे कीं, तिच्या एका टोकास धनभार सहज घेणारे पदार्थ व दुसऱ्या टोकास ऋणभार घेणारे पदार्थ येतात. लोकर, नायलॉन व मनुष्याचे केंस हे पहिल्या टोकाकडचे. पॉलिएस्टर व बहुतेक प्लॅस्टिकें दुसऱ्या टोकाकडचीं. आणि कापूस बहुधा मध्यावर. परंपरेंत जे दोन पदार्थ एकमेकांपासून दूर, त्यांच्या घर्षणापासून वीज अधिक.

यावरून नियम सहज निघतो. पॉलिएस्टरच्या साडीखालीं नायलॉनचा किंवा चकचकीत सॅटीनचा परकर घालूं नये. साधा सुती परकर घालावा. सुती परकर मध्यावरचा असल्यामुळें वीज कमी उत्पन्न होते, आणि त्यांत ओलावा असल्यामुळें उत्पन्न झालेली निघून जाते, असा दुहेरी लाभ आहे. आपल्या आयाबहिणींची जी रीत होती, ती शास्त्रास धरून होती असें म्हणावयास हरकत नाहीं. मुलांच्या कृत्रिम धाग्याच्या गणवेषाखालीं सुती बनियन असावें. लोकरीचा स्वेटर पॉलिएस्टरच्या सदऱ्यावर न घालतां, मध्यें सुती सदरा असावा. नवें कापड घेतांना शक्य तर सूत व पॉलिएस्टर यांचें मिश्रण घ्यावें. त्यांत सुताचा वांटा जितका अधिक, तितका त्रास कमी.

धुणें, वाळविणें, इस्त्री

दुसरा उपाय धुण्याच्या वेळचा. पुष्कळ घरीं साबणाची पूड आवश्यकतेपेक्षां अधिक घालण्याची संवय असते. त्यानें वस्त्र स्वच्छ होत नाहीं, उलट राप बसतो. पूड बेतानें घालावी व दोन पाण्यांनीं नीट खळबळावें. शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यांत, बाजारांत वस्त्रें मऊ करण्यासाठीं जें द्रव औषध मिळतें, तें बाटलीवर सांगितलेल्या मापानें घालावें. त्यांतील धनभारित कण धाग्यावर बसून एक अतिसूक्ष्म पापुद्रा तयार करतात. तो हवेंतील ओलावा धरून ठेवतो, धागे एकमेकांवर सहज सरकतात, आणि वीज कमी होते. मात्र तें टॉवेल-पंचांस वापरूं नये, कारण ते पाणी टिपेनासे होतात. आणि केंसाळ लोकरी कापडास किंवा लहान मुलांच्या रात्रींच्या कपड्यांसही वापरूं नये, कारण असें कापड त्यामुळें अधिक सहज पेट घेऊं शकतें.

वाळविण्याच्या बाबतींत एकच गोष्ट सांगावयाची. आमच्याकडे दुपारच्या ऊन्हांत कृत्रिम धाग्याची साडी अर्ध्या तासांत वाळते, आणि पुढें सायंकाळपर्यंत ती दोरीवर तशीच कडकडीत होत पडून राहते. तसें करूं नये. ती सावलींत वाळवावी, किंवा किंचित् दमट असतांनाच काढून घडी करावी. तसेंच, सुती व कृत्रिम कपडे एकत्र गुंडाळून ठेवूं नयेत.

इस्त्री करतांना परीट आधीं कापडावर पाणी शिंपडतो, ती त्याची रीत उत्तम आहे. मंद इस्त्रीखालीं किंचित् ओलें फडकें घालून साडी फिरवावी, किंवा वाफेची इस्त्री असेल तर ती वापरावी. पॉलिएस्टर सुमारें २६० अंश सेल्सियसला वितळतें, आणि त्याच्या पुष्कळ आधींच मऊ पडूं लागतें. म्हणून इस्त्री अति तापवूं नये.

नेसल्यावर काय करावें ?

साडी नेसून झाली, बाहेर निघण्याची वेळ आली, आणि निऱ्या चिकटूं लागल्या, तर काय करावें ? तळहात पाण्यानें अगदीं थोडे ओले करावे, जादा पाणी झटकून टाकावें, आणि ते साडीच्या आंतल्या बाजूनें व परकरावरून हलकेंच फिरवावे. क्षणांत निऱ्या मोकळ्या होतात. फवाऱ्याच्या बाटलींतून दूर धरून बारीक तुषार सोडले तरी चालतें. रेशमी साडीवर मात्र पाण्याचे डाग पडतात, म्हणून तेथें हा उपाय परकरापुरताच ठेवावा.

त्वचा कोरडी असेल, तर त्रास दुप्पट होतो. स्नानानंतर पायांस व हातांस थोडें ग्लिसरीन गुलाबपाण्यांत मिसळून चोळावें. ग्लिसरीन हवेंतील ओलावा ओढून घेतें, त्यामुळें त्वचा ओलसर राहते. हिंवाळ्यांत टांचा फुटतात त्यांसही त्याचा उपयोग होतो. चोळल्यानंतर तें जिरल्याशिवाय वस्त्र नेसूं नये.

परकराच्या आंतल्या बाजूस काठाच्या शिवणींत एक लहान सेफ्टी पिन लावून ठेवावी, असें पुष्कळ जणी करतात. धातु विजेस वाट देतो व टोंकावरून भार हळूहळू निघून जातो, हें तत्त्व खरें आहे. परंतु एवढ्याशा पिनेनें सर्व साडी मोकळी होईल, अशी अपेक्षा करूं नये. तारेचा हँगर साडीच्या आंतल्या बाजूनें वरून खालीं फिरविला तरी कांहीं भार कमी होतो. हे उपाय तात्पुरते समजावेत. खरा उपाय ओलाव्याचा.

झटका टाळण्याची युक्ति अशी : लोखंडी कपाटास किंवा नळास बोट लावण्यापूर्वीं हातांत किल्ली घट्ट धरावी व तिचें टोंक आधीं लावावें. ठिणगी किल्लीवर पडते, बोटास कांहीं कळत नाहीं. मुलांना ही युक्ति शिकविली, तर त्यांची भीति जाते व मौजही वाटते.

पादत्राणांकडेही लक्ष द्यावें. रबर व प्लॅस्टिक हे विजेस वाट देत नाहींत. घरांत दिवसभर रबरी सपाता घालून फिरणाऱ्याच्या अंगावरचा भार जमिनींत जाऊं शकत नाहीं. पूर्वीं शेणानें सारविलेल्या ओलसर जमिनीवर अनवाणी वावरणें असे. त्यामुळें अंगावर वीज सांठत नसे. आज सारवण परत आणा, असें मी म्हणत नाहीं. पण घटका दोन घटका अनवाणी वावरण्यास कोणाचीच हरकत नसावी.

राहिली खोलीची हवा. हिंवाळ्यांत रात्रीं निजण्याच्या खोलींत एक ओला पंचा दोरीवर वाळत घालावा, किंवा पसरट घमेल्यांत पाणी भरून ठेवावें. त्यानें वस्त्रांचा त्रास कमी होतो, आणि कोरड्या हवेनें सकाळीं घसा दुखतो, तोही बहुधा दुखत नाहीं. घमेलें मात्र रोज रिकामें करून घासावें. सांचलेल्या पाण्यांत डांस होतात.

अग्नीजवळ सावधगिरी

आतां सर्वांत महत्त्वाची सूचना. सुती कापड पेट घेतें व जळून राख होतें. पॉलिएस्टर व नायलॉन हे एकदम पेट घेत नाहींत, म्हणून ते सुरक्षित आहेत असा एक गोड गैरसमज आहे. वास्तविक ते उष्णतेनें वितळतात, आणि तो वितळलेला रस त्वचेस चिकटतो. तो झटकतां येत नाहीं, म्हणून जखम खोल होते. त्यांत साडी आधींच विजेनें अंगास चिकटलेली असेल, तर वस्त्र व त्वचा यांत अंतरच राहत नाहीं. आणि मोकळा सुटलेला पदर गॅसच्या चुलीकडे ओढला गेला, तर तें ध्यानांतही येत नाहीं. यासाठीं स्वयंपाकघरांत सुती साडी किंवा सुती वस्त्रच घालावें, पदर कमरेस घट्ट खोचावा, आणि देवापुढील निरांजन किंवा समईजवळ बसतांनाही हाच नियम पाळावा. मंगलकार्यांत होमाजवळ बसणाऱ्या मुलींना तर हें आवर्जून सांगावें. दुर्दैवानें अंगावरील वस्त्र पेटलेंच, तर धांवूं नये. जमिनीवर लोळावें, वरून पुष्कळ पाणी ओतावें, भाजलेल्या जागेवर गार पाणी बराच वेळ धरावें, आणि त्वचेस चिकटलेलें कापड ओढून न काढतां तत्काळ डॉक्टरांकडे जावें.

पेट्रोलच्या बाबतींतही हाच विचार आहे. अंगावरील ठिणगी पेट्रोलच्या वाफेस पेटविण्यास पुरेशी होऊं शकते. मोटारींतून उतरल्यावर प्रथम गाडीच्या धातूस हात लावावा. प्लॅस्टिकच्या डब्यांत पेट्रोल घ्यावयाचें असल्यास डबा गाडींत न ठेवतां जमिनीवर ठेवून भरावा. पूर्वीं शस्त्रक्रियागृहांत ईथरसारखीं ज्वालाग्राही औषधें भूल देण्यास वापरीत. त्या काळीं तेथें नायलॉनचीं वस्त्रें वर्ज्य असत व सुती वस्त्रांचाच दंडक असे. कारण हेंच.

बाजारांत ही वीज घालविण्याचे फवारेही मिळतात. त्यांत बहुधा अल्कोहोल असतें, म्हणून ते दिव्याजवळ वा चुलीजवळ मुळींच मारूं नयेत, आणि वस्त्र पूर्ण वाळल्याखेरीज नेसूं नये. आमच्या मतें ओल्या तळहातानें जें काम होतें, त्यासाठीं इतका खर्च करण्याचें प्रयोजन नाहीं.

परदेशांतील मुलींसाठीं

पुष्कळ कुटुंबांतील मुली-सुना आज अमेरिकेंत व यूरोपांत आहेत, आणि तेथील हिंवाळ्यांत हा त्रास आपल्यापेक्षांही अधिक होतो. बाहेर बर्फ असतांना हवा कोरडी कशी, असें वाटेल. अति थंड हवेंत पाण्याची वाफ फारच थोडी मावते. तीच हवा घरांत घेऊन तापविली, कीं वाफ तेवढीच राहते पण हवेची तहान वाढते. म्हणून घरांतील आर्द्रता आपल्या वैशाखांतल्या दुपारसारखी होते. त्यांत तिकडे कपडे यंत्रांत गरम हवेनें घुसळून वाळवितात. सुती, लोकरी, कृत्रिम असे सर्व एकमेकांवर घासले जातात, आणि बाहेर काढतांना मोजा साडीस चिकटलेला निघतो. त्यांनीं कृत्रिम वस्त्रें निराळीं वाळवावीं, तीं किंचित् दमट असतांनाच बाहेर काढावीं, आणि घरांत हवा ओलसर ठेवण्याचें यंत्र लावावें. तें यंत्र म्हणजे आपल्या वाळ्याच्या ताटीचेंच शिकलेलें भावंड आहे, असें त्यांना कळवावें.

एकंदरींत सार एवढेंच कीं, आंतलें वस्त्र सुती असावें, हवेस व त्वचेस थोडा ओलावा द्यावा, वस्त्र कडकडीत होईपर्यंत वाळवूं नये, आणि अग्नीजवळ कृत्रिम वस्त्र नेऊं नये. येत्या हिंवाळ्यांत घरच्या मुलांना जवळ बसवून कंगवा व कागदाच्या कपट्यांचा प्रयोग अवश्य करून दाखवावा, आणि मग तोच कंगवा ओल्या हातानें पुसून पुन्हां कपट्यांवर धरावा. कपटे मुकाट्यानें जागेवरच राहतात. त्यावरून मुलांस जें समजेल, तें या सर्व लेखाहून अधिक चांगलें ध्यानांत राहील.